मळाला मोल

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मराठी घरांतून चांदीवर जो अत्याचार होतो, त्याची फिर्याद आजवर कुणी नोंदवलेली नाही. लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये जुन्या धोतराच्या चिंधीतून बाहेर निघतात. कडेला निळे, आत तांबूस, मध्येच कुठे चक्क जांभळे. मग रिठ्याचं पाणी, पितांबरी, दातांची पावडर आणि घरातलं सगळ्यांत जोरकस मनगट यांची संयुक्त कारवाई सुरू होते. व्हिक्टोरिया महाराणीचं नाक आणि गाल यांच्यातला फरक अशा रीतीने दर दिवाळीला थोडा थोडा मिटत जातो. रुपये पाटावर मांडले की लखलखतात आणि घरची बाई कृतार्थ होऊन म्हणते, "आता कसे नव्यासारखे दिसतात!"

त्याच सुमाराला अमेरिकेत कुणीतरी असाच निळा-जांभळा झालेला चांदीचा डॉलर दोन बोटांत कडेने धरून, श्वास रोखून, दिव्याखाली तिरका करून बघत असतो. नाण्याच्या एरवीच्या किमतीच्या दहापट रक्कम त्याने मनातल्या मनात कबूल केलेली असते, आणि ती सगळी त्या मळापोटी.

नाणी जमवणाऱ्यांत ही एक पोटजात आहे. साल, टाकसाळ, राजा यांत तिला रस असतो, पण जीव अडकलेला असतो तो नाण्यावर चढलेल्या रंगात. या रंगाला ते 'टोनिंग' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली आणतात. आमचे मेहुणे त्यांतले. न्यू जर्सीत असतात, संगणकातलं काहीतरी करतात. बाकीचा सगळा खर्च बहिणीला विचारून होतो, डॉलर मात्र परस्पर येतात. डॉलर देऊन डॉलर विकत आणायचे, आणि तेही एकाला शेकड्यांनी मोजून, हा व्यवहार आमच्या बहिणीला लग्नाला इतकी वर्षं होऊनही पटलेला नाही.

या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन या मूळच्या इंग्रज कारागिराने घडवलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ साली पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. मेहुण्यांनी मला दाखवला तो १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतला. त्या वर्षी तिथे सव्वा कोटीहून जास्त पाडले, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही. मी तो भिंगाखाली धरला. स्वातंत्र्यदेवीच्या गालावर फिकट सोनेरी, केसांत किरमिजी, मानेमागे गडद निळा आणि काठाशी पोपटी हिरव्याची एक अरुंद पट्टी. रंगांत कापडाच्या विणीची जाळी उमटलेली, उभे-आडवे धागे मोजता यावेत इतकी स्पष्ट. एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा मात्र पांढराशुभ्र.

"तिथे शेजारचा डॉलर टेकला होता," मेहुणे म्हणाले. "सत्तर-ऐंशी वर्षं."

हे शेजारी कसे जमले, त्याची कथा मोठी गमतीची आहे. चांदीच्या खाणवाल्यांचा माल खपावा म्हणून १८७८ साली अमेरिकेत एक कायदा झाला आणि सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडलीच पाहिजेत असं ठरलं. लोकांना एवढं जड नाणं खिशात नको होतं, ते नोटांवर खूश होते. तेव्हा सरकार नाणी पाडी, हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत भरी आणि तळघरात रचून ठेवी. पिशव्या कुणी उघडल्या नाहीत, हलवल्या नाहीत, पुसल्या नाहीत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पिशव्या बाहेर येऊ लागल्या, तशी कागदी नोटा देऊन चांदी नेणाऱ्यांची वॉशिंग्टनला कोषागाराच्या दारात रीघ लागली. मार्च १९६४ मध्ये सरकारने हा प्रकार बंद केला. तोवर पिशवीच्या कापडाला चिकटून राहिलेले थोडे डॉलर इंद्रधनुष्य होऊन बाहेर पडले होते. सरकारी खात्याच्या बेफिकिरीतून इतकी देखणी वस्तू निर्माण झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

रंग चढण्यामागचं विज्ञान मात्र सरळ आहे. चांदीला गंधकाची भारी ओढ. हवेत, कापडात, पुठ्ठ्यात, रबरात कुठेही थोडं गंधक असलं की ती त्याला जवळ करते आणि अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा चढवते. हा पापुद्रा इतका पातळ की मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा त्याच्यापुढे जाडजूड. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपापाशी डबक्यावर जे रंग तरंगताना दिसतात, तेच हे भौतिकशास्त्र. पापुद्रा जाड होत जातो तसे रंग क्रमाने येतात: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, किरमिजी, गडद निळा. त्यानंतर आकाशी, पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी आणि बऱ्याच उशिरा हिरवा. शेवटी काळा, आणि काळा झाला की संपलं. तिथून पुढे अमेरिकन संग्राहक आणि दर दिवाळीला रुपये घासणारी आमची आत्या यांचं मत एकच.

हा क्रम म्हणजे अस्सलपणा ओळखायची पहिली किल्ली. पिवळ्यावरून एकदम निळ्यावर उडी मारलेला, मधली तांबूस-किरमिजी पायरी गाळलेला डॉलर समोर आला की मेहुणे तो गुपचूप खाली ठेवतात आणि रुमालाने हात पुसतात. दुसरी किल्ली उंचवट्यांची. अक्षरांच्या, ताऱ्यांच्या कडेला पिशवीचं कापड नीट टेकत नाही, म्हणून तिथे रंग जरासा मागे सरलेला असतो. तिसरी चमकेची. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यावरून प्रकाशाची एक तिरीप गोल फिरते. अस्सल रंगाच्या आतूनही ती तिरीप फिरताना दिसते. नकली रंगात ती अडखळते किंवा मरते. आणि चौथी: ओरखड्यात रंग कसा बसलाय ते बघायचं. ऐंशी वर्षांत ओरखडे मधूनमधून पडतात, काही रंगाच्या आधी, काही नंतर. सगळे ओरखडे रंगाच्या खाली सापडले तर रंग कालचा.

आपल्याला हे समजायला आंब्याइतकं सोपं उदाहरण नाही. अढीत पिकलेला हापूस देठाशी हिरवट, गालावर केशरी, कुठे जरा सुरकुतलेला असा हळूहळू रंगत जातो. कार्बाइड घालून पिकवलेला एका रात्रीत चहूबाजूंनी सारखा पिवळा होतो. फरक एवढाच की आंबा कापून जीभ लावली की निकाल लागतो. डॉलर कापता येत नाही.

म्हणूनच रंग चढवणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. अमेरिकेत त्यांना 'कॉइन डॉक्टर' म्हणतात. रुग्ण धडधाकट असतो, उपचारानंतर आजारी पडतो. या डॉक्टरांच्या पोथीतले काढे ऐकले तर आजीबाईचा बटवा फिका पडेल. उकडलेल्या अंड्याबरोबर नाणं डब्यात बंद करा. बटाट्यात खुपसून ओव्हनमध्ये भाजा. सिगारचा धूर द्या. एका मेक्सिकन खाद्यपदार्थांच्या दुकानसाखळीचे कागदी रुमाल तर या कामासाठी इतके नावाजलेले आहेत की तिथे काहीजण खाण्यापेक्षा हात पुसायलाच जात असावेत. याखेरीज गंधकाची खरी रसायनं आहेतच. त्यांतून निघालेले डॉलर असे भडक निळे-जांभळे असतात की लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या कोटाला बटणं म्हणून शोभावेत.

खरी पंचाईत यापुढे आहे. पिशवीतल्या डॉलरवर सिल्व्हर सल्फाइड आणि अंड्याच्या डब्यातल्या डॉलरवरही सिल्व्हर सल्फाइडच. गंधक तेच, चांदी तीच. मग फरक काय? फरक माणसाच्या मनात होता. एकाने रंग यावा म्हणून ठेवलं, दुसऱ्याने ठेवलं आणि विसरला. १९३०च्या दशकात वेट रेमंड नावाच्या नाणेव्यापाऱ्याने पुठ्ठ्याचे आल्बम विकायला काढले. त्या पुठ्ठ्यात गंधक होतं, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. ज्यांनी निरागसपणे त्यात नाणी लावली, त्यांच्या नातवंडांना काठाकाठाने रंगलेली नाणी मिळाली, आणि ती अस्सल. आज काही लोक ते जुने रिकामे आल्बम भरपूर पैसे देऊन शोधून आणतात, त्यात नवीकोरी नाणी लावतात आणि वाट बघतात. हे अस्सल की नकली? मेहुण्यांच्या मंडळींत यावर वाद झाला की जेवणं थंड होतात. मी त्यावर एक तोडगा सुचवला होता: खिडकीच्या कट्ट्यावर नाण्याचं पाकीट ठेवून पाच वर्षं विसरलात तर अस्सल, पाच वर्षं रोज उघडून बघितलंत तर नकली. मेहुणे हसले नाहीत. म्हणाले, "व्याख्या साधारण तीच आहे."

थोडक्यात, या बाजारात दाम मिळतो तो निष्काळजीपणाला. कष्ट केल्याचं सिद्ध झालं की भाव कोसळतो. आपल्याकडे हा बाजार आधी पोचता तर आमच्या घराण्यातले कितीतरी पुरुष नावारूपाला आले असते.

निकाल कुणी द्यायचा? त्यासाठी न्यायाधीश आहेत. पीसीजीएस ही कंपनी १९८६ पासून आणि एनजीसी ही दुसरी १९८७ पासून पैसे घेऊन नाणी तपासतात, त्यांना १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमची बंद करतात. या सत्तरी मोजपट्टीचे जनक विल्यम शेल्डन. हे मूळचे मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या देहयष्टीवरून स्वभावाचे प्रकार पाडणारे. १९४९ साली त्यांनी जुन्या अमेरिकन सेंटांसाठी हिशेब मांडला की अगदी झिजलेलं नाणं एक डॉलरचं, तर निर्दोष नाणं सत्तर डॉलरचं. किमतींचं गणित काही वर्षांतच फसलं, आकडे तेवढे राहिले. आणि याच शेल्डनसाहेबांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंटं उचलून त्या जागी आपली डावी सेंटं ठेवून दिल्याचं पुढे उघडकीला आलं. नाण्यांच्या गुणवत्तेची त्यांना किती खोल जाण होती, याचा याहून भक्कम पुरावा कुठला देणार?

तर हे न्यायाधीश रंग बघतात. संशय आला की पीसीजीएस पेटीवर 'रंग शंकास्पद' अशा अर्थाचा शेरा मारते, आणि नाण्याची सोयरीक तिथेच मोडते. रंग डोळ्यांत भरला तर एनजीसी आकड्यापुढे एक चांदणी देते. पण अस्सल की नकली याचा शंभर टक्के निवाडा कुणीच देत नाही. त्यांचा लाडका शब्द आहे 'मार्केट अ‍ॅक्सेप्टेबल', म्हणजे बाजारात खपण्याजोगा. रंग कुठून आला ते आम्ही विचारत नाही, चारचौघांत बसवायला हरकत नाही. निकाल पसंत पडला नाही तर मालक पेटी फोडतो आणि तेच नाणं पुन्हा तपासायला पाठवतो. मागच्या खेपेला शंकास्पद ठरलेला डॉलर या खेपेला सन्मानाने उत्तीर्ण होऊन परत आल्याच्या कथा तिकडे घरोघरी आहेत. पुनर्मूल्यांकनाला पेपर टाकलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही.

आणि किंमत? साध्या पांढऱ्या मॉर्गनला दरपत्रक असतं, रंगीताला ते नसतं. रंग चेहऱ्याच्या बाजूला असला तर भाव जास्त, गरुडाच्या बाजूला असला तर कमी. फोटो बघून घेऊ नये, कारण फोटोतला निळा बहुतेकदा विकणाऱ्याच्या संगणकातला असतो. बाकी सगळं लिलावात दोन वेडे एकाच दिवशी हजर आहेत की नाहीत यावर ठरतं. एकच वेडा आला तर शंभर-दीडशे, दोन आले तर हजाराच्या वर. आणि गंमत म्हणजे पेटी पूर्ण हवाबंद नसते. आत चांदी आणि गंधक यांचं चाललेलं असतं ते चालूच राहतं. हजार मोजून घेतलेला किरमिजी उद्या तपकिरी होणार नाही, याची हमी कुणी देत नाही.

मागे मेहुणे भारतात आले होते, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आत्याला भेटायला आम्ही साताऱ्याला गेलो. आत्या लक्ष्मीपूजनाचे रुपये घेऊन मोरीपाशी बसली होती, शेजारी रिठ्यांचं भांडं. मेहुण्यांची नजर एका रुपयावर गेली. पंचम जॉर्जचा, १९१९चा, मुंबई टाकसाळीचा बारीक ठिपका असलेला. राजाच्या दाढीपासून काठापर्यंत सोनेरी, किरमिजी, निळा, अगदी क्रमवार.

"आत्या, त्याला हात लावू नका!" मेहुणे ओरडले.

"का हो जावईबापू? सोवळ्यात आहे का तो?"

मेहुण्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली. सरकारला १९१७च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पण लोकांचा कागदावर विश्वास नव्हता, नोटा परत करून ते चांदीचे रुपये मागू लागले. तेव्हा इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरले. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत पिटमन कायदा झाला, तळघरातले सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतली बहुतेक सगळी चांदी हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये होत. "म्हणजे आत्या, या रुपयात मॉर्गन डॉलर असण्याची दाट शक्यता आहे. हा वितळला नसता तर आज तो..." मेहुण्यांचा कंठ दाटून आला.

आत्याने रुपया उलटापालटा करून बघितला. "मग घेऊन जा की. तुमच्याकडचाच आहे म्हणताय."

"नेता येत नाही ना. शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावस्तू. १९७२चा कायदा आहे. देशाबाहेर काढलं तर विमानतळावरच धरतील."

"विकता येतो?"

"इथल्या इथे येतो. पण इथे रंगाला गिऱ्हाईक कुठं आहे?"

"मग ठेवायचा कुणासाठी?" असं म्हणून आत्याने रुपया रिठ्याच्या पाण्यात सोडला. "लक्ष्मीपुढे काळा रुपया मी ठेवायची नाही." मेहुणे उठून अंगणात गेले. पाच मिनिटांत पंचम जॉर्ज नव्यासारखे दिसू लागले होते.

मेहुण्यांचं 'इथे गिऱ्हाईक कुठं आहे' हे वाक्य मात्र आता जुनं झालंय. आमच्या गावात जुन्या वस्तूंचा आठवडी बाजार भरतो, तिथे कुलपं, कंदील, घड्याळांचे पट्टे यांच्यामध्ये एक नाणेवाला बसतो. त्याच्या ताडपत्रीवर आपल्याकडच्या सगळ्या परंपरा सुखाने नांदतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने, १८१८ साल घालून काढलेली रामपंचायतनाची नाणी आहेत. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत, पण 'चमत्कारी आहे, तांदूळ ओढतं साहेब' असं सांगितलं की आजही लोक खाली बसतात. १९३९चा दुर्मिळ रुपया आहे, म्हणजे १९३८चा, आठाचा नऊ केलेला. मोबाइलवरच्या चित्रफिती बघून वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला विकायला आलेले भाबडे लोक त्याच्याकडेच येतात, आणि तो त्यांना चहा पाजून परत पाठवतो. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने दलाली उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेला २०२१ साली जाहीर करावं लागलं, ते याच भाबड्यांसाठी.

मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि राजाछाप रुपये चाळू लागलो. सगळे लखलखीत, साऱ्या राजांची नाकं सपाट. मी सहज विचारलं, "घासलेले नकोत. जुना रंग चढलेला एखादा आहे का? निळसर, जांभळट?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "रेनबो पाहिजे का? पुण्या-मुंबईची पार्टी बी तेच मागती आजकाल."

"हो, तेच."

"आज संपले. पुढच्या बुधवारी या साहेब," तो म्हणाला, "करून ठेवतो."